टीएसएच वाढलं म्हणजे नेमकं काय वाढलं?

चार वर्षांपूर्वी गणपतीच्या आधी मावशीचा फोन आला. "अगं, ताईचा थायरॉइड नऊवर गेलाय म्हणे? रोज गोळी घेते ना ती? मग? बदलून टाका बाई ती गोळी." ताई म्हणजे माझी आई. आईने लॅबचा रिपोर्ट घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता आणि त्यातला एक आकडा ठळक काळ्या अक्षरात होता, शेजारी 'हाय' लिहिलेला. बाकी कोणी काही वाचलं नव्हतं.

"थायरॉइड वाढलाय" हे आपण सगळेच म्हणतो. खरं तर थायरॉइड ही गळ्यातली एक ग्रंथी, ती प्रत्येकाला असते, आणि ती काही नऊ-दहा होत नाही. "मला थायरॉइड आहे" हे "मला गुडघा आहे" म्हटल्यासारखंच. आईचं ९.४ आलं होतं ते टीएसएच. ते थायरॉइडमध्ये तयारच होत नाही. ते येतं मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून, आणि त्याचा आकडा वाढतो तेव्हा अंगातलं थायरॉइडचं हार्मोन कमी पडलेलं असतं. सगळा गोंधळ या उलट्या हिशोबातून सुरू होतो, म्हणून आधी तोच निस्तरू.

पिट्युटरीला मुकादम समजा आणि थायरॉइडला मजूर. मजुराचं काम टी४ नावाचा माल, म्हणजे थायरॉइडचं हार्मोन, तयार करायचं. मुकादम रक्तातला माल सतत बघत असतो. कमी दिसला की मजुराला हाक मारतो, आणखी कमी दिसला की ओरडतो. हे ओरडणं म्हणजे टीएसएच. माल भरपूर असेल तर तो बिडी ओढत गप्प बसतो, टीएसएच खाली येतं. हायपोथायरॉइडिझममध्ये मजूर थकलेला असतो. आपल्याकडे बहुतेक वेळा शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती त्याच्यावर उलटलेली असते. या आजाराचं वर्णन हाशिमोतो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली केलं, म्हणून काही डॉक्टर केसपेपरवर नुसतं 'हाशिमोतो' लिहितात आणि पेशंट घरी येऊन गूगल करत बसतो. आपण रोज घेतो ती लिव्होथायरॉक्सिनची गोळी म्हणजे बाहेरून आणलेला तयार टी४. माल वेळेवर आणि पुरेसा आला की मुकादमाचा आवाज उतरतो. मजूर मात्र तसाच थकलेला असतो.

म्हणून "रिपोर्ट नॉर्मल आला, आता बंद केली गोळी" हे ऐकलं की मला धसका बसतो. नॉर्मल आला तो गोळीमुळे. बाळंतपणानंतर किंवा एखाद्या तात्पुरत्या सुजेनंतर मजूर पुन्हा उभा राहतो आणि गोळी सुटते, अशी उदाहरणं आहेत, पण ते डॉक्टरांनी ठरवून, तपासण्या करत केलेलं असतं. रिपोर्ट बघून दुसऱ्या दिवशी डबी कपाटात टाकणं वेगळं.

आणखी एक गोष्ट रिपोर्टवर कुठेच लिहिलेली नसते. मुकादमाचा आवाज मालाच्या प्रमाणात वाढत नाही, तो अनेक पटींनी वाढतो. रक्तातलं टी४ निम्मं झालं तर टीएसएच शंभर पटीपर्यंत चढू शकतं. त्यामुळे ९ म्हणजे ४.५ च्या दुप्पट आजार असं गणित करता येत नाही, आणि २.१ चं २.९ झालं म्हणून आठवडाभर झोप उडवून घ्यायचंही कारण नाही. त्याच माणसाचं, त्याच डोसवर, टीएसएच एका वेळेपासून दुसऱ्या वेळेपर्यंत चाळीस-पन्नास टक्के इकडेतिकडे होऊ शकतं. पण याच भडकपणामुळे टीएसएच उपयोगाचं आहे. टी४ अजून नॉर्मल रेंजमध्ये दिसत असतानाच टीएसएच बोंब मारायला लागतं.

ते मोजता येऊ लागलं १९६०च्या दशकात, आणि कमी टीएसएच व नॉर्मल टीएसएच यांतला फरक दाखवणाऱ्या तपासण्या आल्या १९८०च्या दशकात. त्याआधी डोस ठरायचा तो मुख्यतः लक्षणांवर, आणि तो आजच्या मानाने बराच मोठा असायचा. आज १२.५, २५, ८८, ११२ अशा बारीक पायऱ्यांच्या मायक्रोग्रॅमच्या गोळ्या मिळतात. त्यांचा फायदा उठवायचा तर ही रक्ततपासणी नीट वाचता यायला हवी.

आपल्याकडे हा प्रश्न किती घरांतला आहे? २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत भारतातल्या आठ शहरांतल्या ५,३७६ प्रौढांच्या तपासण्या केल्या होत्या. मुंबई त्यात होती, आणि गोवाही होता. (गोव्याला शहर कोणी केलं, हा प्रश्न पणजी-मडगावकरांनी विचारायला हरकत नाही.) त्यांतल्या जवळजवळ ११ टक्के लोकांना हायपोथायरॉइडिझम निघाला, आणि साडेतीन टक्क्यांच्या आसपास लोकांना तो असल्याचा पत्ताच नव्हता.

रांजण भरायला सहा आठवडे

डोस बदलला की डॉक्टर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच करायला सांगतात. पुष्कळ जण पंधराव्या दिवशीच लॅबमध्ये जाऊन येतात, "बघू तरी फरक पडतोय का." पैसे फुकट आणि वर डोक्याला ताप.

टी४ शरीरात हळूहळू वापरलं जातं. त्याचं अर्धायुष्य साधारण सात दिवसांचं आहे, म्हणजे आज जेवढं आहे त्यातलं निम्मं आठवड्याने उरतं. घरातला पाण्याचा रांजण डोळ्यांसमोर आणा. रोज त्यातलं साधारण दहावा हिस्सा पाणी जातं आणि रोज सकाळी आपण एक ठरलेलं भांडं ओततो. कालांतराने पाणी एका पातळीला स्थिरावतं. आता भांडं थोडं मोठं घेतलं, म्हणजे डोस ५० वरून ७५ केला. पातळी लगेच उडी मारणार नाही. पहिल्या आठवड्यात होणाऱ्या वाढीतला निम्मा भाग झालेला असेल, दुसऱ्यात ७५ टक्के, तिसऱ्यात साधारण ८८, चौथ्यात ९४, पाचव्यात ९७. पाच-सहा आठवड्यांनी नवी पातळी पक्की झाली म्हणायची. त्यानंतरच मुकादमाला विचारण्यात अर्थ. तोही थोडा मंद डोक्याचा. ज्यांचं टीएसएच बरेच महिने साठ-ऐंशीच्या घरात होतं त्यांच्या रक्तातलं टी४ व्यवस्थित झालं तरी टीएसएच उतरायला कधीकधी आणखी काही महिने लागतात. डोस फार झाल्यामुळे टीएसएच तळाला गेलं असेल तर ते वर यायलाही तसाच उशीर होतो.

या रांजणामुळेच एक दिवस गोळी राहिली तर आभाळ कोसळत नाही. दहातला एक हिस्सा कमी झाला, इतकंच. पण दर आठवड्याला दोन-तीन गोळ्या राहत असतील तर रांजण कायमचा खाली राहतो आणि टीएसएच ते चोख सांगतं.

यातून रिपोर्टमध्ये एक मजेशीर चित्र दिसतं: टीएसएच चांगलंच वाढलेलं, आणि फ्री टी४ (रक्तातलं मोकळं, कामाला येणारं टी४) मात्र नॉर्मल, कधी तर वरच्या टोकाला. सर्वांत सामान्य स्पष्टीकरण असं, की महिनाभर गोळ्या अधूनमधून घेतल्या आणि तपासणीच्या आधीचे चार-पाच दिवस अगदी नेमाने. परीक्षेच्या आदल्या रात्रीचा अभ्यास. टी४ला तो दिसतो, टीएसएचला मागचा सगळा महिना दिसतो. इथे डॉक्टरांना खरं सांगितलं नाही तर ते सरळ डोस वाढवतील, आणि मग एखाद्या महिन्यात आपण खरंच नियमित झालो की तोच डोस जास्त होईल.

आईची फाइल

आता ९.४ कडे. आई तेव्हा ६३ वर्षांची, गेली नऊ वर्षं ७५ मायक्रोग्रॅमवर, टीएसएच दर वर्षी अडीच-तीनच्या आसपास. गोळी तीच, कंपनी तीच, वजन तेच. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, डोस १०० केला. दीड महिन्याने टीएसएच ३.६. सगळे खूश, मावशीसुद्धा.

वर्षभराने आईला धडधडायला लागलं. रात्री झोप लागेना, चहाचा कप उचलताना हात थरथरायचा. हृदयाचं काही असेल म्हणून आधी ईसीजी झाला. मग कोणाच्या तरी लक्षात आलं, टीएसएच केलं, तर ०.०९. म्हणजे हार्मोन जास्त झालेलं. पुन्हा गोळी तीच, १००ची, रोजच्या रोज घेतलेली.

मी त्या रविवारी फाइल घेऊन ओट्याशी बसले, आई शेंगदाणे भाजत होती. विचारलं, सकाळी उठल्यापासून काय काय करतेस ते सांग. थायरॉइडची बाटली चहापावडरच्या डब्याशेजारी, म्हणजे विसरायला नको. सहा वाजता गोळी. मग म्हणाली, "आणि ती कॅल्शियमची घ्यायचे ना बरोबर, मनगट मोडलं होतं तेव्हा दिलेली. एकदाच काय ते उरकलं की बरं." कधीपासून? मनगट मोडल्यापासून. तारीख फाइलमध्ये होती: ९.४ च्या रिपोर्टच्या पाच महिने आधी. आणि कॅल्शियम कधी बंद केलं? "पोट साफ होईना म्हणून सोडलं की." धडधडायला लागायच्या तीनेक महिने आधी.

आजार वाढलाही नव्हता आणि कमीही झाला नव्हता. कॅल्शियम टी४ला पोटातच धरून ठेवतं, मग ते रक्तात पुरतं उतरत नाही. ७५ची गोळी अंगी लागत होती ती त्याहून कमी. टीएसएच वाढलं, डोस वाढला. मग कॅल्शियम थांबलं आणि वाढवलेली १०० पूर्ण अंगी लागायला लागली. दोन्ही वेळा आकडा खराच होता, त्याचं कारण मात्र कोणी विचारलं नाही. डॉक्टरांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. हाडांचे डॉक्टर वेगळे, थायरॉइडचे वेगळे, आणि दोघांच्या गोळ्या एकाच तळहातावर.

म्हणून टीएसएच अचानक बदललं असेल तर पहिला प्रश्न स्वयंपाकघरात विचारायचा. गोळी साध्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी, आणि नंतर अर्धा ते एक तास काहीच नाही, चहाही नाही. आपल्याकडे सगळं इथेच अडतं, कारण डोळे उघडल्यावर पहिला चहा हा बऱ्याच घरांत धर्म आहे. दूध, कॉफी, सोयाबीन यांनीही शोषण कमी होतं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या किमान चार तासांनी. बाळंतिणीला आणि गरोदर बाईला या दोन्ही हमखास दिलेल्या असतात, त्यामुळे तिथे विशेष लक्ष. मल्टीव्हिटॅमिनच्या गोळीतही लोह-कॅल्शियम असतं, वेष्टण वाचा. पित्तासाठी रोज घेतल्या जाणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या गोळ्या पोटातलं आम्ल कमी करतात आणि टी४ विरघळायला आम्ल लागतं. त्या नव्याने सुरू झाल्या असतील तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

सकाळ जमतच नसेल तर रात्री झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घेतलेली गोळीही चांगली लागू पडते. फक्त ते डॉक्टरांशी बोलून ठरवा, आणि आज सकाळी, उद्या रात्री असं करू नका. उपवासाच्या दिवशीही गोळी घ्यायची. एकादशीला घोटभर पाण्याबरोबर घेतलेल्या गोळीने विठोबा रागावल्याचं ऐकिवात नाही, आणि साबुदाणा काय, अर्ध्या तासाने खायचाच आहे.

कंपनी बदलण्याचंही तसंच. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स, सगळ्यांत औषध तेच. पण या औषधात मात्रेचा थोडा फरकही जाणवतो, म्हणून शक्यतो एकच कंपनी धरावी. दुकानदाराने "हीच आहे, नाव वेगळं" म्हणून दुसरी दिली तर घ्या, गोळी चुकवू नका, पण तारीख लिहून ठेवा आणि सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच बघा. बाटली गॅसजवळ, खिडकीच्या उन्हात ठेवू नका. ऊन, दमट हवा आणि उष्णता या तिन्हींनी गोळीचा दम जातो. आमची चहापावडरशेजारची बाटली शेगडीपासून हातभर अंतरावर होती हे मला त्या दिवशीच दिसलं.

रक्त देण्याची सकाळ

टीएसएच दिवसभर सारखं नसतं. ते मध्यरात्रीनंतर सर्वांत जास्त आणि दुपारी सर्वांत कमी असतं. समजा गेल्या खेपेला सकाळी साडेसातला रक्त दिलं आणि या खेपेला ऑफिसातून येताना चारला. मग दोन्ही आकड्यांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. एखाद्याचं सकाळचं ४.६ दुपारी रेंजच्या आत येऊन बसेल. या तपासणीला उपाशी असणं साखरेच्या तपासणीसारखं सक्तीचं नाही, पण खाल्ल्यावर टीएसएच किंचित उतरतं. तेव्हा दर वेळी एकच वेळ, एकच पद्धत, आणि जमल्यास एकच लॅब. लॅबा वेगवेगळ्या कंपन्यांची मशिनं वापरतात, त्यांच्या रेंजही थोड्या वेगळ्या असतात. एका लॅबचं ३.९ आणि दुसरीचं ४.४ हा फरक कधी मशिनचाच असतो.

त्या दिवशीची गोळी आधी की नंतर? नुसतं टीएसएच असेल तर काही बिघडत नाही, एका गोळीने त्या तासाभरात ते हलत नाही. पण फ्री टी४ही करायचं असेल तर आधी रक्त, मग गोळी. गोळीनंतरचे काही तास रक्तातलं टी४ तात्पुरतं चढलेलं असतं, साधारण १५-२० टक्क्यांपर्यंत, आणि रिपोर्ट उगाच जास्त डोसचा दिसतो. कलेक्शनला येणाऱ्या मुलाला यायला उशीर झाला तरी गोळी टळू देऊ नका, तो गेल्यावर घ्या.

आणि बायोटिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हायपोथायरॉइडिझममध्ये केस गळतात, केस गळले की बायका केसांच्या गोळ्या घेतात, आणि त्या गोळ्यांत बायोटिन ठासून भरलेलं असतं. शरीराला दिवसाला लागतं सुमारे ३० मायक्रोग्रॅम, आणि एकेका गोळीत १०,००० मायक्रोग्रॅम सहज सापडतं. बायोटिनमुळे थायरॉइडला काही होत नाही, बिघडते ती तपासणी. बऱ्याच मशिनांमध्ये रक्तातलं हार्मोन पकडायला बायोटिनचीच आकडी वापरलेली असते. रक्तात आधीच भरमसाट बायोटिन असलं की मशिन चकतं: टीएसएच खोटं कमी दाखवतं, टी४ आणि टी३ (थायरॉइडचं दुसरं हार्मोन) खोटं जास्त. कागदावर हुबेहूब हायपरथायरॉइडचं, म्हणजे हार्मोन जास्त झाल्याचं, चित्र उमटतं. माणूस थकलेला, थंडी वाजतेय, आणि रिपोर्ट म्हणतोय डोस कमी करा. तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं, फार मोठा डोस असेल तर जास्त दिवस. लॅबवाल्याने विचारलं नाही तरी सांगावं.

ताप, डेंग्यू, इस्पितळातली भरती अशा काळात, डॉक्टरांनी मुद्दाम सांगितलं नसेल तर, थायरॉइडची तपासणी पुढे ढकलावी. आजारपणात शरीर टीएसएच आणि टी३ खाली आणतं, आणि बरं होताना टीएसएच काही काळ वर जातं. स्टेरॉइडनेही टीएसएच उतरतं.

कागदावर काय वाचायचं

आपल्याकडे 'थायरॉइड प्रोफाइल' म्हणून जे स्वस्तात मिळतं त्यात बहुधा टोटल टी३, टोटल टी४ आणि टीएसएच असतं. टोटल टी४ म्हणजे रक्तातलं सगळं टी४. त्यातलं जवळजवळ सगळं प्रथिनांना चिकटलेलं, म्हणजे गोदामात बांधून ठेवलेलं. कामाला येतं ते मोकळं, फ्री टी४, आणि ते एक टक्क्याहूनही कितीतरी कमी. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्यांनी ती प्रथिनं वाढतात, मग टोटल टी४ जास्त दिसतं, मोकळं मात्र तेवढंच असतं. गोळी चालू असताना ज्याची माहिती हवी ते टीएसएच, आणि गरज पडली तर फ्री टी४. टी३ बघून लिव्होथायरॉक्सिनचा डोस सहसा ठरत नाही. आणि अँटी-टीपीओ अँटिबॉडी, म्हणजे प्रतिकारशक्ती थायरॉइडवर उलटल्याची खूण, एकदा जास्त आल्या की पुरे. त्या पुन्हा पुन्हा मोजून उपचारात काही बदलत नाही, पॅकेज महाग होतं एवढंच.

एककांना घाबरू नका. टीएसएचपुढे कुठे मायक्रो-आययू प्रति मिली लिहितात, कुठे मिली-आययू प्रति लिटर, आकडा तोच. फ्री टी४चं तसं नाही. नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरमधला १.२ म्हणजे पिकोमोल प्रति लिटरमधला १५ च्या थोडा वर. लंडन-दुबईहून आलेला नातेवाइकाचा रिपोर्ट आपल्याशी ताडून बघताना हे लक्षात ठेवा, नाहीतर त्याचं हार्मोन बारा पटींनी वाढल्याचं वाटेल.

टीएसएचची छापील रेंज साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असते. त्या रेंजच्या बाहेर गेलं की ते अक्षर ठळक होतं. पण कॉम्प्युटरला तुमचं वय, तुमचं पोट, तुमचं ऑपरेशन माहीत नसतं. सत्तरीच्या पुढच्या माणसाचं ५ आलं तर पुष्कळ डॉक्टर डोसला हात लावत नाहीत. त्या वयात ४ ते ६ सुद्धा चालतं, आणि टीएसएच फार खाली नेण्याचा धोका मोठा असतो. हार्मोन जास्त झालं की हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात आणि हाडं ठिसूळ होतात. मनगट मोडलेल्या माझ्या आईचं ०.०९ हे ९.४ पेक्षा जास्त काळजीचं होतं, पण ग्रुपवर त्याची चर्चा झाली नाही, कारण 'लो' म्हणजे बरंच असं सगळ्यांना वाटलं.

थायरॉइडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या काही जणांचं टीएसएच मुद्दाम रेंजच्या खाली ठेवतात, कारण उरल्यासुरल्या पेशींना मुकादमाची हाकच ऐकू जाऊ नये. त्यांनी 'लो' बघून स्वतःच डोस कमी केला तर उपचार फसला. आणि ज्यांचा मुकादमच आजारी आहे, पिट्युटरीचं ऑपरेशन झालंय किंवा बाळंतपणात प्रचंड रक्तस्राव होऊन ती ग्रंथी निकामी झालीय, त्यांच्या बाबतीत टीएसएचचा आकडा काहीच सांगत नाही. तिथे डोस फ्री टी४ वरच ठरतो.

गरोदरपणाचं गणित वेगळंच, आणि इथे उशीर परवडत नाही. पहिल्या काही आठवड्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड कामाला लागलेली नसते, ते सगळं आईकडून घेतं. गोळीची गरज पाव ते निम्म्याने वाढते, आणि तीही पाचव्या-सहाव्या आठवड्यापासूनच, म्हणजे पुष्कळ बायकांना नुकतंच कळलेलं असतं तेव्हा. गोळी घेणाऱ्या बाईचं टीएसएच या काळात २.५ च्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो आणि निम्मं गरोदरपण होईपर्यंत साधारण दर चार आठवड्यांनी तपासतात. पाळी चुकली आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली की पहिल्या सोनोग्राफीची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. मूल हवं असं ठरवतानाच हे विचारून ठेवलंत तर आणखी बरं. पुष्कळ डॉक्टर आधीच सांगून ठेवतात, कळल्याबरोबर आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या सुरू कर आणि मग ये.

आकडा चांगला, तरी अंग मोडून

टीएसएच २.२, आणि तरी दुपारी तीनला डोळे मिटतायत, वजन हलत नाही, केस कंगव्यात. असं बऱ्याच जणांचं होतं, आणि "रिपोर्ट नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही" हे ऐकून माणूस चिडतो ते योग्यच. पण अशा वेळी डोस वाढवून घ्यायच्या मागे लागण्याआधी हिमोग्लोबिन, बी१२, ड जीवनसत्त्व, साखर आणि झोप बघून घ्या. शाकाहारी घरांत बी१२ची कमतरता इतकी सर्रास सापडते की थायरॉइडच्या नावावर खपणारा अर्धा थकवा तिचा असावा असा मला संशय आहे. वजनाबद्दलही खरं सांगायचं तर हायपोथायरॉइडिझमने वाढलेलं वजन काही किलोंचं असतं, आणि त्यातलं बरंचसं अंगात साठलेलं पाणी. वीस किलोंचं खापर त्या बिचाऱ्या ग्रंथीवर फोडता येत नाही.

डोस स्थिर असेल तर सहा महिन्यांनी एकदा, मग वर्षातून एकदा तपासणी पुरते. मधे करायची ती डोस, कंपनी, वजन यांत मोठा बदल झाला, नवं औषध सुरू झालं, गर्भ राहिला किंवा लक्षणं बदलली तर.

आईचा डोस पुन्हा ७५ झाला. कॅल्शियम परत सुरू झालं, पण रात्री जेवणानंतर, आणि बाटली चहापावडरपासून उठून देवघराच्या फळीवर गेली. आता ती प्रत्येक रिपोर्टच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवते. परवाच्या कागदावर होतं: "७५. रोज गोळी ६ ला, चहा ७ ला. कॅल्शियम रात्री. पित्ताची गोळी नाही. आज रक्त साडेसातला, गोळी नंतर." त्याखाली लॅबचा आकडा, ३.१, आणि त्याच्यापुढे तिच्याच अक्षरात, "मावशीला कळवणे."